लाल अक्षरांवरच्या मुंग्या

१

जेवणाची सुट्टी होती म्हणून माणसं वाचली. सगळे कामगार पुढच्या फाटकापाशी, झाडाच्या सावलीत डबे उघडून बसले होते. आधी एक दबका 'ठप्प' आवाज झाला. 'पोतं पडलं वाटतं' असं कुणीतरी म्हणेपर्यंत दुसरा आवाज झाला आणि पेपरमिंटच्या कारखान्याची मागची खोली त्यांच्या डोळ्यांदेखत उडाली. छपराचे पत्रे वर गेले, हवेत गिरक्या घेतल्या आणि शेजारच्या मोकळ्या जागेत जाऊन पडले.

धूर विरल्यावर धीट माणसं मागच्या अंगणात डोकावली आणि तशीच मागे फिरली. कुंपणाच्या भिंतीवर लाल अक्षरं होती. अजून ओघळत होती.

'हा शेवटचा इशारा.'

हे शब्द त्या दिवसांत शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. एका टोळीनं वर्षभर उच्छाद मांडला होता. पूल, गोदामं, सरकारी कचेऱ्या, जिथे जिथे तिनं स्फोट घडवले तिथे तिथे हीच ओळ लिहून ठेवली होती. पोलिसांनी अंगणाला दोर बांधला, लांबून फोटो काढले आणि आणखी एखादा बॉम्ब असेल या भीतीनं दोन दिवस कुणाला आत सोडलं नाही. टोळीनं मात्र या वेळी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

त्यानंतर विमा कंपनीचा निरोप आला. कारखान्याचा विमा आग आणि स्फोटासाठी होता. पण दहशतवादी कृत्यानं झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं होतं. त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागायचं आणि मालकीणबाईंनी ते घेतलेलं नव्हतं. सबब, कंपनीनं हात वर केले.

मालकीणबाईंनी विमा नियामकाच्या कार्यालयात तक्रार केली. ती ज्यांच्या टेबलावर आली त्यांना कार्यालयात सगळे 'अपवादबाई' म्हणत. विम्याच्या करारात कंपनी काय काय देणार नाही त्याची जी बारीक अक्षरांतली कलमं असतात, ती वाचण्यात बाईंचं निम्मं आयुष्य गेलं होतं. नाव चिडवायला पडलं होतं, पण बाईंना ते आवडायचं.

"प्रकरण दिसतं तेवढं छोटं नाही," बाईंचे साहेब म्हणाले. "या कंपनीनं कलमात दोन शब्द जास्तीचे घातलेत. 'दहशतवादी कृत्य, किंवा तसे भासणारे कृत्य.' बाकीच्या कंपन्या टपून बसल्यात. हे चाललं तर उद्या सगळ्यांच्या करारात 'भासणारे' येणार. चालू द्यायचं की नाही ते आपण ठरवायचंय, आणि तुमच्या अहवालावर ते ठरणार."

"आधी काय झालं ते तर बघू," बाई म्हणाल्या. "काय भासलं ते नंतर."

२

कारखान्याचं ऑफिस शाबूत होतं. खिडकीची काच गेली होती, तिथे पुठ्ठा लावला होता. मालकीणबाई पन्नाशीच्या, ठसठशीत बोलणाऱ्या. त्यांनी बाईंपुढे चहा ठेवला आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"मी तेव्हा बाजारात होते, साखरेच्या व्यापाऱ्याकडे. परत आले तर हे! एजंटानं सांगितलं होतं हो, ते दहशतवादाचं वेगळं घ्या म्हणून. मी हसले. म्हटलं, आमच्या पेपरमिंटवर कोण बॉम्ब टाकतंय? खोकला तरी बरा होतो लोकांचा. आता वाटतं, जीभ चावली असती तर बरं झालं असतं."

"कंपनीला तुम्ही काय कळवलंत?"

"स्फोट झाला एवढंच. मला कुठे माहीत कुणी केला! भिंतीवरचं त्यांचं त्यांनीच वाचलं."

त्यांचा धाकटा भाऊ दाराशी उभा होता. हिशेब आणि विक्री तो बघायचा. बहिणीपेक्षा त्याचा सूर वेगळा होता.

"ताई, झालं ते झालं. जागा विकून टाकू म्हणतो मी. मी आजचं नाही म्हणत, दोन वर्षं म्हणतोय."

"बघितलंत?" मालकीणबाई म्हणाल्या. "घर जळतंय आणि याला राखेचा भाव हवाय."

तेवढ्यात एक उंच, वाकलेले गृहस्थ बिस्किटांची बशी घेऊन आत आले. हे दोघांचे मामा. आईच्या पश्चात त्यांनीच या भावंडांना वाढवलं होतं, आणि मागच्या खोलीतली पिठीसाखर दळायची चक्की कारखाना सुरू झाल्यापासून तेच चालवत होते. त्यांच्याशिवाय तिला कुणी हात लावायचं नाही.

बाईंची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. कारखान्याच्या उद्घाटनाचा फोटो. मधोमध मामा, आणि मामांच्या तोंडावर अशी काही झुपकेदार मिशी, की फोटोत माणूस आधी की मिशी आधी असा प्रश्न पडावा. आता समोर उभे असलेले मामा गुळगुळीत होते.

"मिशी काढलीत?"

"दुसऱ्याच दिवशी काढली," मालकीणबाईंनीच उत्तर दिलं. "म्हणाले, कारखाना पुन्हा उभा राहीपर्यंत ठेवणार नाही. आम्ही पहिल्यांदाच त्यांचा वरचा ओठ बघितला."

मामा कसनुसं हसले आणि बशी ठेवून निघून गेले. दारातल्या दुपारच्या बोचऱ्या उजेडात बाईंना आणखी एक दिसलं. मामांच्या भुवयाही जेमतेमच होत्या.

"मला मागचं अंगण दाखवा," बाई म्हणाल्या. "आणि थोडा वेळ एकटीला राहू द्या."

दोराखालून वाकून त्या आत गेल्या, भिंतीजवळ पोचल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

भिंतीवरची अक्षरं हलत होती.

३

अक्षरं नव्हे, अक्षरांवरच्या मुंग्या. जमिनीतल्या भेगेतून निघून एक ओळ भिंतीवर चढली होती, 'हा'च्या कान्यापाशी फुटून तिच्या वाटा झाल्या होत्या आणि काना-मात्रांवर माणसं जत्रेत फिरावीत तशा मुंग्या फिरत होत्या. बाकीच्या भिंतीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि जवळून पाहिलं. रंगाचा ओघळ काचेसारखा चकाकत होता. नखानं खरवडल्यावर एक लाल टवका निघाला. मग त्यांनी जे केलं ते सरकारी अधिकाऱ्याला शोभण्यासारखं नव्हतं. त्यांनी तो टवका जिभेवर ठेवला.

पेपरमिंट.

गोळ्यांसाठी रंगवलेला साखरेचा पाक! अंगणाच्या डाव्या हाताला पाक उकळायची पत्र्याची शेड होती. तिथे मोठ्या कढईत लाल पाक होता, पण आता तो दगड झाला होता. त्यात ताटांना तेल लावायचा ब्रश उभा चिकटून बसला होता. बाईंनी ओढून पाहिला. हलेना.

त्या मागे सरकल्या आणि भिंत आता लांबून बघू लागल्या. सगळी भिंत काजळीनं काळवंडली होती, पत्र्यांच्या तुकड्यांनी टवके उडाले होते. फक्त मधला एक चौकोन स्वच्छ होता, आणि अक्षरं नेमकी त्या चौकोनात बसली होती. चौकोनाच्या पायथ्याशी लाकडी खोक्यांच्या फळ्या विखुरल्या होत्या. स्फोटापूर्वी तिथे खोक्यांची चळत उभी असणार. तिच्या आड भिंत वाचली, आणि चळत स्वतः फेकली गेली.

म्हणजे स्फोटाआधी तिथे लिहायला जागाच नव्हती.

मग बाई उडालेल्या खोलीत गेल्या. जमिनीत खड्डा नव्हता, कुठे खिळे घुसले नव्हते. चारही भिंती बाहेरच्या बाजूला सारख्या झुकल्या होत्या, जणू खोलीनं मोठा श्वास घेतला आणि सोडायचाच राहिला. एका खांबावर चक्कीच्या विजेची लोखंडी पेटी होती, झाकण घट्ट बंद. बाईंनी ते कष्टानं उघडलं. आतला खटका चालू बाजूला होता.

"बाई, कशालाही हात लावू नका!"

मागून कुणीतरी ओरडलं. बाईंनी वळून पाहिलं. हातात टॉर्च, पायात बूट, कपाळावर आठ्या असा एक तरुण माणूस दोर ओलांडून त्यांच्याकडे येत होता.

४

तो विमा कंपनीचा सर्वेक्षक निघाला. नुकसान किती आणि कशानं झालं ते ठरवणारा माणूस. बाईंनी ओळख सांगितल्यावर त्याच्या आठ्या थोड्या कमी झाल्या.

"माझं मत मी कळवलंय," तो म्हणाला. "दोन आवाज झाले, म्हणजे दोन बॉम्ब. आणि जेवणाच्या सुट्टीत चक्की बंद असते. बंद चक्कीला काय होणार?"

"खटका चालू आहे."

"धक्क्यानं पडला असेल."

"बंद झाकणाच्या आत? आणि वरच्या बाजूला?"

त्यानं टॉर्चचा झोत खटक्यावर टाकला. बाईंनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही कधी आलात?"

"संध्याकाळ होत आली होती. पोलिसांशी माझी ओळख आहे म्हणून मला पाच मिनिटं सोडलं. एकट्यालाच." मग त्याला काहीतरी उमगलं आणि त्याचा चेहरा लाल झाला. "अहो, तुम्हाला काय म्हणायचंय? मी लिहिलं? कंपनीचे पैसे वाचावेत म्हणून?"

"मी काहीच म्हटलेलं नाही."

"पण मनात आलं ना?"

"मनात सगळंच येतं," बाई म्हणाल्या. "मनात आलेलं काढून टाकायचा मला पगार मिळतो."

त्यांनी धाकट्या भावाला फाटकापाशी गाठलं. कंपनीइतकाच त्याचाही फायदा होता. विमा बुडाला तर बहिणीला जागा विकावीच लागणार होती. हे बाईंनी स्पष्टच विचारलं. तो मात्र चिडला नाही.

"विकायचीय, खोटं कशाला बोलू! पण ताईचं वाटोळं करून नाही. आवाज झाल्याबरोबर मी गॅसचा मुख्य नळ बंद केला, तो इथे फाटकाजवळच आहे. मग माणसं मोजत बसलो. विचारा कुणालाही. एक माणूस कमी येत होतं, पुन्हा मोजली तरी कमीच."

"कोण?"

"मामा. थोड्या वेळानं आले मागून. नखशिखान्त भिजलेले, तोंडाला पंचा लावलेला. म्हणाले, नळावर तोंड धूत होतो. मी त्यांना मिठीच मारली."

बाईंनी हळूच विचारलं, "गॅस बंद झाल्यावर कढईतला पाक किती वेळ पातळ राहतो?"

"तो? गार व्हायला लागला की संपलं. हात धुऊन येईपर्यंत घट्ट होतो. म्हणून तर आम्ही कढई कधी विझू देत नाही."

बाईंनी समाधानानं मान हलवली. सर्वेक्षक संध्याकाळी आला, तेव्हा कढईत दगड होता. दगडानं कुणाला लिहिता येत नाही. बाहेरून आलेला माणूस रंग घेऊन आला असता, पाकात ब्रश बुडवला नसता. भाऊ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, बहीण बाजारात. स्फोटानंतर, पाक आळायच्या आत, अंगणात एकच माणूस असू शकत होता.

"तुमचे मामा कुठे भेटतील?"

५

मामा पाण्याच्या सिमेंटच्या टाकीला टेकून बसले होते. बाई शेजारी जाऊन बसल्या.

"मामा, मिशी जळली होती ना?"

मामांनी ओठावरून हात फिरवला. आणि मग त्यांचा बांध फुटला.

"चक्की आठवडाभर किंचाळत होती," ते म्हणाले. "आतलं बेअरिंग तापत होतं. मला कळत होतं. पण म्हटलं, मोठी ऑर्डर आहे, ती गेली की उघडू. त्या दिवशी सगळे जेवायला गेले तेव्हा रिकामी चालवून आवाज कुठून येतो ते बघावं म्हणून खटका वर केला. दारातच उभा होतो. एकदम जाळ अंगावर आला. मी टाकीमागे उडी घेतली आणि मागोमाग सगळं गेलं. माझ्या हातानं गेलं, बाई. पोरीनं उभं केलेलं सगळं."

"आणि मग लिहिलंत?"

"डोकं फिरलं होतं माझं. एकच सुचलं. आपला हलगर्जीपणा दिसला तर कंपनी एक छदाम देणार नाही. बाहेरच्यानं केलं असं दिसलं तर मिळेल. दंगलीत दुकान जळलं तर देतात म्हणे. समोर पाक होता, ब्रश होता, भिंतीवर पांढरी जागा होती." त्यांनी बाईंकडे आशेनं पाहिलं. "पोरीला मिळेल ना आता?"

अशी गाठ बाईंनी आजवर सोडवली नव्हती.

"मामा, उलटं आहे हो सगळं. यंत्र तापून, चुकून स्फोट झाला, तर विमा आहे. माणसाच्या हातून चूक होते म्हणूनच तर लोक विमा काढतात. विमा नाही तो फक्त त्या टोळीनं केलेल्या स्फोटासाठी. तुम्ही भाचीला वाचवायला जी एक ओळ लिहिलीत, तेवढ्या एकाच ओळीनं तिचं बुडतंय."

मामा डोळे विस्फारून बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"पोलिसांना तुम्हीच जाऊन सांगा," बाई म्हणाल्या. "आजच. भाचीला मात्र आधी सांगा."

६

सुनावणी नियामकाच्या कार्यालयात झाली. कंपनीतर्फे सर्वेक्षकाबरोबर त्यांचे वकील आले होते. चष्म्याच्या कडेनं बघणारे, अतिशय सभ्य. मालकीणबाई, भाऊ आणि मामा एका बाकावर बसले होते. मामा आणि भाची यांच्यामध्ये मात्र एका माणसाची जागा मोकळी होती.

"साखरेचा स्फोट!" वकील हसले. "बाई, आम्ही रोज चहात घालतो."

बाईंनी अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याला बोलावून घेतलं होतं. सगळे मागच्या मोकळ्या आवारात गेले. अधिकाऱ्यानं पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती लावली, नळीत चमचाभर पिठीसाखर भरली, सगळ्यांना लांब उभं केलं, डब्यावर सैलसर झाकण ठेवलं आणि लांब रबरी नळीतून फुंकर मारली. 'भप्प' झालं आणि झाकण उडून वकिलांच्या बुटाशी येऊन पडलं.

"बारीक पूड हवेत पसरली की ठिणगी पुरते," अधिकारी म्हणाला. "आधी चक्कीत छोटा भडका होतो, तो पहिला आवाज. त्या धक्क्यानं तुळयांवर साचलेली सगळी पूड खाली येते आणि ती पेट घेते. तो दुसरा. बॉम्बचा खड्डा पडतो. कारखान्यात खोली आतून फुगलीय."

सर्वेक्षकानं वहीतून मान वर केली आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "माझं चुकलं. मी भिंत वाचली, खोली वाचलीच नाही."

पण वकील कच्च्या गुरूचे चेले नव्हते. खुर्चीत परत बसल्यावर त्यांनी करार पुढे सरकवला.

"मान्य. दहशतवादी कृत्य नव्हतं. पण आमच्या कलमात आणखी दोन शब्द आहेत. 'तसे भासणारे.' भिंतीवर इशारा होता, पोलिसांना भासलं, गावाला भासलं, आम्हाला भासलं. भास खुद्द त्यांच्याच माणसानं तयार केला. मग आम्ही का द्यायचं?"

मालकीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मामांनी मान खाली घातली.

बाईंनी भिंतीचा फोटो टेबलावर ठेवला आणि स्वच्छ चौकोनावर बोट टेकवलं.

"वकीलसाहेब, इथे खोकी होती. स्फोटानं खोकी उडाली, मग ही जागा उघडी पडली, आणि मग त्यावर अक्षरं आली. तुमचं कलम म्हणतं, भासणाऱ्या कृत्यामुळे झालेलं नुकसान. 'मुळे' हा शब्द तुमचाच आहे. नुकसान झालं तेव्हा भिंत कोरी होती. भासण्यासारखं काहीच नव्हतं. जे नंतर आलं त्याच्यामुळे आधीचं कसं घडेल?"

वकिलांनी फोटो उचलला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"आणि कंपनीला फसवलं म्हणाल," बाई पुढे म्हणाल्या, "तर विमा मालकीणबाईंचा आहे. त्यांनी फक्त स्फोट झाला एवढंच कळवलं आणि ते अक्षरशः खरं आहे. टोळीचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. दहशतवाद होता हे सिद्ध करायचं ओझं अपवाद सांगणाऱ्यावर असतं, दुकान जळलेल्यावर नाही."

वकिलांनी फोटो खाली ठेवला आणि छानसं हसले. "बाई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला का नाही?"

"तुमची कलमं वाचायला मग कोण राहील?"

कंपनीनं नुकसानभरपाई मान्य केली. महिनाभरानं नियामकाचा आदेश सगळ्या कंपन्यांना गेला. दहशतवादाचा अपवाद ठेवायचा तर ठेवा, पण कृत्य खरोखर घडलेलं असलं पाहिजे आणि ते कंपनीनं दाखवलं पाहिजे. 'भासणारे', 'वाटणारे', 'संशयास्पद' असले शब्द करारात चालणार नाहीत. शिवाय वेगळं संरक्षण नाकारणाऱ्या ग्राहकाला त्याचा अर्थ साध्या भाषेत समजावून सांगायचा, हेही त्यात आलं. साहेबांनी मसुद्यात एक स्वल्पविराम बदलला, बाकी बाईंचं जसंच्या तसं ठेवलं.

मामांना पोलीस ठाण्यात चांगलंच झापलं गेलं. न्यायाधीशांनी दंड ठोठावला, वय बघून ताकीद दिली आणि सोडून दिलं.

सुनावणीच्या दिवशी मात्र बाई कागद आवरून बाहेर आल्या तेव्हा मामा आणि भाची अजून व्हरांड्यातच होते. भाऊ रिक्षा बघायला गेला होता. दोघांमधली ती एका माणसाची जागा तशीच होती. बाई जिन्यापाशी रेंगाळल्या. चोरून ऐकायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण जिना तेवढा एकच होता.

"मला का नाही सांगितलंत?" भाची म्हणत होती. "चक्की बिघडलीय म्हणून. नंतर तरी. आम्ही इतके दिवस जीव मुठीत धरून बसलो, त्या टोळीनं आपल्याला का निवडलं म्हणून."

"तू रागावली असतीस," मामा म्हणाले.

"रागावलेच असते. घर डोक्यावर घेतलं असतं." मग ती सरकली आणि मामांना लागून उभी राहिली. "आणि मग जेवायला वाढलं असतं. दुसरं काय करणार होते मी तुमचं?"